ठसक्याची परीक्षा

मी बांधलेल्या घरातून वास्तुशांतीच्याच दिवशी साठ-सत्तर माणसं खोकत, डोळे चोळत, एकमेकांना ढकलत अंगणात पळाली. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण आमच्या कोरीट गावात अजूनही कोणी ना कोणी ते सांगतंच, आणि चांगलं तिखटमीठ लावून सांगतं. पुढचं मात्र सोयीने गाळतात. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचं आधीचं घर म्हणजे आप्पांचा, माझ्या वडिलांचा, जीव की प्राण. मातीच्या छताचं धाब्याचं घर पाडून त्यांनी आमच्या गल्लीत पहिला स्लॅब टाकला. तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. खिडक्यांना शहरात असतात तशा मोठ्या सरकत्या काचा. वैशाखात तो स्लॅब दिवसभर तापायचा आणि सगळी आग आमच्या डोक्यावर सोडायचा. पंखा लावला तर तीच गरम हवा तोंडावर यायची. माय दुपारी काम घेऊन निंबाखाली जाऊन बसायची. आप्पा घामाने निथळत आतच बसायचे आणि म्हणायचे, "पक्कं घर शे." होतंच पक्कं. भट्टीसुद्धा पक्कीच असते!

एका मे महिन्यात माय स्वयंपाक करता करता घेरी येऊन पडली. ब्लडप्रेशर निघालं. उन्हाळ्यात यांना गारव्यात ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. माझा मोठा भाऊ सुरतेला असतो, तो मिळेल त्या गाडीने आला. "मायले मी लई जास. मन्हाकडे एसी शे," म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पावसाळा लागल्यावर माय परत आली ती मुकी होऊन. तिकडे सातव्या मजल्यावर दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. भावाने तर ठरवूनच टाकलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापासून तिला कायमची तिकडेच न्यायची. एकदा आम्ही दोघी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो, तेव्हा ती मान वर न करताच म्हणाली, "बाई, माले तठे ऱ्हावानं नही."

मग मी आप्पांना म्हटलं, घर मी बांधते.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. तेव्हा धडगावला एका इमारतीच्या कामावर देखरेखीला होते. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आंडेरनं काम शे का हाई?" आंडेर म्हणजे लेक. असा राग आला मला! लोकांच्या इमारती बांधायला लेक चालते आणि स्वतःच्या घराला चालत नाही? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच अट घातली. स्लॅबच्या घराला हात लावायचा नाही. मागच्या खळ्यावर काय ते बांध. आणि मेच्या दुपारी माय त्या घरात झोपली तर ठीक, नाहीतर ती सुरतेला जाईल.

खरं सांगायचं तर त्यांच्या अटीनेच माझं अर्धं काम केलं. जुनं घर बरोबर पश्चिमेला पडलं, म्हणजे संध्याकाळचं ऊन तेच अंगावर घेणार. नवं घर मी पूर्व-पश्चिम लांब धरलं, दक्षिणेला खोल ओटा दिला. भिंतीत विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवली, म्हणजे बाहेरचा ताप आत पोचायला वेळ लागतो. छतावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायला सांगितले. मिस्तरीकाकांना यातलं काहीच पटत नव्हतं. आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त ते. उभ्या विटा बघून रोज म्हणायचे, "पोरी, हाई भिंत शे का पत्त्यांचा बंगला?" पण हात असा, की ओळंबा लावायची गरज पडू नये.

आणि छताखाली दोन्ही बाजूंना मी भोकं ठेवली. ही अक्कल मला डिप्लोमाने दिली नव्हती. धडगावच्या कामावर एका मजूरबाईने मला जेवायला घरी नेलं होतं. कुडाची भिंत, शेणामातीने लिंपलेली, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत गार. मी विचारलं, हे कसं? तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला जेमतेम. तिने नुसतं वर बोट दाखवलं. भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती. मधल्या फटीतून चुलीचा धूर निवांत बाहेर चालला होता. परत येताना जीपमध्ये मी स्वतःवरच हसत होते.

वास्तूच्या आधी दोन दिवस मला धडगावच्या साइटवर जावं लागलं. परतले ती थेट पूजेला. माणसं जमलेली, स्वयंपाकघरात मायने कढईत तेल तापवून आमचीच लाल मिरची टाकली. आणि मग तो ठसका! भटजींचे मंत्र घशातच अडकले. पाहुणे पळाले. मी डोळे पुसत वर बघितलं. एकही भोक दिसेना, सगळं गुळगुळीत प्लास्टर.

अंगणात मिस्तरीकाका खोकत होते. "तठली भोकं ते मी बुजी टाकात," म्हणाले. "माले वाटनं, पोर इसरी गयी व्हई. पाहुणा काय म्हनतीन?" माझी लाज राखायला बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने भोकं बुजवली होती. चूक माझीच. नकाशावर मी नुसतं 'व्हेंट' लिहिलं होतं, ते कशासाठी हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. भिंतीत भोकं ठेवून कोणता मिस्तरी घर सोपवेल?

मी पदर खोचला, स्टुलावर चढले आणि नव्या साडीत, अख्ख्या गावादेखत, छन्नी-हातोडीने प्लास्टर फोडायला घेतलं. काका दुसऱ्या बाजूने फोडू लागले. सगळी भोकं मोकळी झाल्यावर मी मायला म्हटलं, आता परत टाक फोडणी. लोक दाराशी तोंडावर रुमाल धरून उभे. तेल तडतडलं, मिरची काळी पडली, धूर वर गेला आणि सरळ बाहेर पडला. या वेळी खोकले ते मागच्या गल्लीतले शेजारी. आता मी कोणाचंही घर बांधलं की आधी फोडणी टाकायला लावते. कोणी खोकलं तर घर ताब्यात देत नाही.

पण खरी परीक्षा मेमध्येच होती. भाऊ ठरल्याप्रमाणे आला, भर दुपारी, नंदुरबारहून रिक्षाने, चेहरा लालबुंद. मायची बॅग होळीपासून भरून खुंटीला टांगलेली होती. आप्पा आणि मी ओट्यावर बसलो होतो. भावाने हाक मारायला तोंड उघडलं तसं आप्पांनी बोट ओठांवर ठेवलं. "हळू बोल. तुन्ही माय झोपेल शे."

भाऊ आत गेला. माय चटईवर, तोंडावर पदर घेऊन, गाढ झोपलेली. तो चारी भिंती बघून बाहेर आला. "आप्पा, एसी कोठे लावेल शे?"

"एसी नही," आप्पा म्हणाले. "हाई घर मन्ही आंडेरनी बांधेल शे."

मी ओट्यावरून उठून आत गेले, कारण रडू मला लोकांसमोर आवडत नाही.

माय उठली, चहा झाला. तिने खुंटीवरची बॅग काढली, साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या. भाऊ निघाला तेव्हा त्याच बॅगेत लाल मिरची गच्च भरून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "फोडणी टाकताना खिडक्या उघडजो, नहीते ठसका लागी."