बस्करपट्टीवरची हजेरी

यंदा माझी मैत्रीण गेली. तिचा दहावा आटोपून घरी आले, तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते आमचं भांडण. पुढे तिने माझ्यासाठी काय काय केलं, ते सगळं मागे राहिलं आणि सालवडकडच्या त्या शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आला.

आम्ही तेव्हा पालघरला डी.एड. करत होतो. ती तारापूरच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, मी वीजकेंद्राच्या वसाहतीतली, घाटावरून आलेल्या घरातली. सराव पाठासाठी आडनावांच्या क्रमाने जोड्या लावल्या, त्यात आम्ही एकत्र आलो. एकीने शिकवायचं आणि दुसरीने मागे बसून त्या पाठाच्या चुका टिपायच्या, अशी रीत होती. आपल्या चुका लिहिणाऱ्या माणसाशी मैत्री व्हायला वेळ लागतो. तिला वाटे, मी तिची बोली हेरते. मला वाटे, माझ्या पाठाच्या वेळी ती मुलांना मुद्दाम हसवते.

सरावाला मिळालेल्या सालवडच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील डोंगराकडून कारखान्याच्या बांधकामावर माती उचलायला आलेले. वर्गाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती आम्हाला दाखवली.

"ही नाटकी. मनात असेल तेव्हा ऐकते, नसेल तेव्हा दगड. हजेरीला बघा कशी बरोबर उभी राहते."

खरंच ती उभी राहायची. ओठ हलवायची, 'हजर बाई' असंही ऐकू यायचं. पण फळ्याकडे तोंड करून बाईंनी काही विचारलं की नुसती बघत बसायची आणि छडी खायची. डी.एड.चे आमचे सर अपंग मुलांच्या शिक्षणाचा विषय घेत. मूल हट्टी वाटलं तर आधी त्याचे कान तपासा, असं ते सांगत. मी एका मधल्या सुट्टीआधी गुपचूप तिच्या मागे गेले आणि स्टीलच्या ताटलीवर चमचा मारला. मुलगी वळली.

मैत्रीण तिच्या समोरच बसली होती. बाहेर आल्यावर मी तिला धरलं.

"तू खुणावलंस तिला."

"मी? अगं, तुझी ताटली अशी वाजली की मीच दचकले! मेलेला बोंबील उठून बसला असता."

"तुला ती बहिरी ठरायला नको आहे."

"नकोच आहे," ती म्हणाली. "ठरली की सर तिला शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत धाडणार. आठ वर्षांची पोर. तिच्या आयशीला विचारलंस?"

मी म्हटलं, मग काय रोज मार खात बसू दे? ती तशीच वर्गात परत गेली, आणि त्या जाण्याचाही मला संशय आला. त्यानंतर तिच्या डोळ्यांवर पाळत ठेवणं हेच माझं निरीक्षण झालं.

मुलं लांबलचक बस्करपट्ट्यांवर ओळीने बसत. दर शनिवारी त्या झटकून कुंपणावर उन्हात टाकायच्या. एका शनिवारी बाईंना काही कामाने जावं लागलं, त्यांनी हजेरी माझ्याकडे दिली. पट्ट्या बाहेर होत्या, मुलं नुसत्या फरशीवर बसली होती. त्या मुलीचं नाव मी पुकारलं. ती माझ्याकडे हसून बघत राहिली. पुन्हा पुकारलं. ओळीतल्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मग तिच्या शेजारची पोरगी काकुळतीने म्हणाली, "बाई, पट्टी नाय ना आज."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचं नाव आलं की शेजारीण पट्टीला हिसका द्यायची, ती उभी राहायची, आणि 'हजर बाई' शेजारणीच्याच तोंडून निघायचं. मागे काही वाजलं, पोरं वळली की पट्टी सरकायची, तीही वळायची. ती उभी राहिली नाही तर सगळ्या ओळीला छडी मिळे, म्हणून पोरींनी आपसात हे ठरवून घेतलं होतं. वर्षभर एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

मैत्रीण दारातच उभी होती. तिचं तोंड बघून मला कळलं, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आत येऊन त्या मुलीशेजारी बसली आणि शेजारणीला म्हणाली, "वस्ताद हात गं तुमी पोरी!" पोरी हसल्या. मला हसू आलं नाही.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी शहरातल्या रुग्णालयात तपासणी ठरवली. मुलीच्या आईला बोलावलं, ती डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन वर्गाबाहेरच थांबली. आत यायला तयार नाही.

"इस्पितळात नेऊन काय करशाल?"

"कान बघतील फक्त," मी म्हणाले.

"आमच्या पाड्यावर पण नसबंदीची गाडी आलेली. फक्त बघतो बोलले. माज्या दिराला नेला नि कापून धाडला. आता तुमी पोर नेताय."

"तसं नाही हो, मावशी. तिला मशीन मिळेल, ऐकू येईल."

"मंग ती शालेतच ऱ्हाईल ना तितं? घरी नाय येनार." तिने मुलीला पदराआड ओढलं. "मी मनोरच्या पल्याड माहेरी नेते तिला. तितं कोन मारत नाय."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, ही उद्या गेली तर मुलगी पुन्हा कुठल्याच शाळेत दिसणार नाही. मी आणखी समजावू लागले, तशी ती आणखी मागे सरली. मैत्रीण पुढे झाली. सरांना न विचारता तिने शब्द देऊन टाकला.

"मी येते संगती. तू, मी नि पोर. सांजच्याला परत. ठेवून घेतो बोलले तर मीच तिला काखेत मारून पळते."

आईने तिला निरखून बघितलं. "तू कोलीन काय?"

"हाय ना."

"मंग ये." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही नको."

ठरलेल्या दिवशी मी पाठाला बसले, पण एक ओळ टिपता आली नाही. सर भले माणूस. तरी मला वाटू लागलं, त्यांनी रुग्णालयाला चिठ्ठीत काय लिहिलं असेल? तिथल्या डॉक्टरांनी सही घेऊन मुलगी ठेवून घेतली तर मैत्रीण काय करणार होती? आईचा संशय मला चांगलाच लागला होता. संध्याकाळी बोईसर स्टेशनवर जाऊन उभी राहिले. एक शटल आली, त्यातून त्या उतरल्या नाहीत. बाकावरून उठून फलाटाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. कामगार घरी गेले, चहावाल्याने स्टो विझवला.

पुढच्या गाडीतून आधी आई उतरली. मागून मैत्रीण, खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन. कान जवळजवळ गेलेले होते, पण यंत्राने थोडं ऐकू येईल असं डॉक्टर म्हणाले होते. यंत्र येईपर्यंत तिने इथेच शिकावं, पहिल्या ओळीत, बाईंचं तोंड दिसेल असं. हे सगळं मैत्रिणीने एका दमात सांगितलं, तरी मी डॉक्टरांचा कागद मागून दिव्याखाली दोनदा वाचला. ती चिडली नाही.

आई तोवर माझ्याकडेच बघत होती.

"तू कनाला आलीस?"

"बघायला," मी म्हणाले. "पोर परत आली का ते."

तिने मैत्रिणीच्या खांद्यावरून मुलीला उचललं आणि क्षणभर, धरायला दिल्यासारखं, माझ्या बाजूला केलं. "आली बग," म्हणाली, आणि सालवडच्या रस्त्याला लागली.