पट्टी काढल्याशिवाय घरी पाठवू नका

घरतबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या थोरल्या भावाच्या सुतकात झाली, आणि त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. दादा विचुंब्याला राहायचा, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर होता. कामावरून आला, छातीत जळजळतंय म्हणाला. "गॅस झालाय, सोडा आणा." सोडा प्यायला, ढेकर आली, बरं वाटतंय म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. घरात माणसं येत होती, देवाची मर्जी म्हणून जात होती. तेवढ्यात खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक वयस्क बाई आल्या, वहिनींजवळ जमिनीवर बसल्या आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते? गॅस म्हणाले का?"

मी त्यांना दाराबाहेरच काढणार होतो. पण वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तुमाला कसं ठाऊक?"

"माझे यजमान पण तेच बोलून गेले," बाई म्हणाल्या.

अनसूया घरत या मूळच्या उरणकडच्या. सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. या वर्षी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आपल्या भागात हृदयविकाराचं खरं नाव गॅस आहे, असं त्या नेहमी सांगतात. छातीत कळ आली की माणूस आधी ओवा चावतो, मग सोडा पितो, मग पोटावर हिंग चोळून घेतो. एवढं सगळं करून दवाखान्यात गेलाच, तर तिथेही पुष्कळदा त्याला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतात, कारण हृदयाचा आलेख काढायचं मशीन नसतं, आणि असलं तर ते चालवणारं कोणी नसतं. बाईंची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मशीन हवं, ते चालवणारा माणूस आठही प्रहर हवा, आणि छातीत दुखणाऱ्या कोणालाही ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, असा सरकारी नियम हवा.

ही मागणी मांडण्याची त्यांची पद्धत मात्र फार अघोरी वाटली होती मला. आपल्याकडे दशक्रियेला पिंडाला कावळा शिवला की पुढारी माइक घेतात आणि श्रद्धांजली वाहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दादाच्या दहाव्यालाही जिल्हा परिषदेचे एक सन्माननीय सदस्य तलावकाठी आले होते. "या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे," म्हणून ते खाली बसणार, तोच बाई उभ्या राहिल्या. "सहभागी आहात ना? मग या गावच्या केंद्रात मशीन कधी येईल ते याच जागी सांगा. नाहीतर पुढच्या दहाव्याला मी परत विचारीन." कोणीतरी पुटपुटलं, म्हातारीला काळवेळ कळत नाही. माझे तर कान तापले. तेव्हा वहिनी बायकांच्या घोळक्यातून उठल्या आणि म्हणाल्या, "बाई बोलतान त्यात काय खोटं हाय? सांगा ना." सदस्यांना तिथेच तारीख सांगावी लागली.

तेव्हापासून बाईंनी एकही दहावा सोडला नाही. लोक त्यांना घाबरू लागले. त्या गल्लीत शिरल्या की बायका विचारायच्या, "कोणाकडं गेलं?" लग्नाच्या मांडवात त्या दिसल्या तर यजमानांचा चेहरा उतरायचा. बाई हसायच्या. "घाबरू दे. भ्यालेला माणूस दवाखान्यात तरी जाईल," म्हणायच्या. तोवर मीही त्यांच्या मागे फिरायला लागलो होतो. ग्रामसभांचे ठराव करणं, निवेदनं पोचवणं ही कामं माझ्याकडे आली. पनवेलच्या बाजारात बेकरी असलेले रफीकभाई गाडी घेऊन यायचे. जुम्म्याच्या नमाजानंतर ते तिथल्या मंडळींना सांगायचे, "सीने में दर्द झालं तर सोडा नको, सीधा दवाखाना."

बाईंच्या मायेचा अनुभव मला वहिनींमुळे आला. दादा गेल्यावर वहिनी घराबाहेर पडत नसत. बाई त्यांना भेटायला यायच्या त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. "माझं बघ गो जरा, मला आकडा दिसत नाय," म्हणायच्या. बाईंना आकडा लख्ख दिसत होता. असं करत करत त्यांनी वहिनींना शिकवलं आणि आज आमच्या शिबिरात वहिनी अख्ख्या गावाचा रक्तदाब मोजतात. बाईंच्या हातचे पोहे तेवढे कोणाला मिळू नयेत. मिठाची त्यांना इतकी धास्ती की त्यांच्या घरची बैठक म्हणजे अळणी पोहे आणि कडक शब्द.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी गौरव समितीने आनंदाचा लेख मागितला आहे, पण भीती वगळून या बाईंबद्दल मला लिहिता येत नाही.

काही महिन्यांपूर्वी बाई, रफीकभाई आणि मी अलिबागहून परत येत होतो. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांना नियम लागू करा, हे सांगायला गेलो होतो. तिथल्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी पाहू म्हटलं होतं. बाई वाटभर साहेबांचा उद्धार करत होत्या. पेण मागे पडलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. मी वळून पाहिलं. त्यांनी छातीवर हात ठेवला होता आणि कपाळावर घाम होता.

"बाई, काय होतंय?"

"काय नाय रे. गॅस झालाय."

रफीकभाईंनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांनी लोकांच्या तोंडातला हा शब्द घालवायचा प्रयत्न केला, त्यांच्या तोंडून तो आला होता, आणि त्यांना पत्ताही नव्हता. "घरी चला, जरा पडते, बरं वाटल," त्या म्हणाल्या. "या अल्ला," म्हणत रफीकभाईंनी गाडी दवाखान्याच्या दिशेने सुसाट सोडली. बाई रागावल्या, शाळेत दटावत तशा दटावू लागल्या. आम्ही पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

वाटेवरच्या ज्या आरोग्य केंद्रात गेलो, तिथलं मशीन आमच्याच खटपटीने आलं होतं. मला मशीनची काळजी नव्हती. काळजी होती ती आत माणूस असेल का याची. दुपार होती, रविवार नव्हता, एवढाच आधार. एक तरुण सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी बाईंना झोपवलं, तारा लावल्या. पट्टी बाहेर आली ती पाहून त्यांचा चेहरा बदलला. डॉक्टरांना फोन झाला, गोळ्या दिल्या, रुग्णवाहिका आली. पनवेलच्या रुग्णालयात त्याच संध्याकाळी बाईंच्या हृदयात स्टेंट बसला. अर्धा तास उशीर झाला असता तर हा ग्रंथ निघाला नसता, असं तिथल्या डॉक्टरांच्या बोलण्यावरून मी समजलो.

पण मला आठवतं ते रुग्णवाहिकेत चढवतानाचं. बाईंनी स्ट्रेचरवरून त्या सिस्टरांचा हात धरला आणि विचारलं, "पोरी, तू आज रजेवर असतीस तर पट्टी कोणी काढली असती?"

सिस्टरांनी बाईंच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "कोणी नाही, बाई. मशीन मलाच येतं."

तो नियम अजून निघालेला नाही. बाई वाचल्या त्या कोणाची तरी रजा त्या दिवशी नव्हती म्हणून. हे कळल्यापासून मला स्वस्थता नाही. बाईंना मात्र आहे. डॉक्टरांनी जिना चढायला मना केलं आहे, तरी पुढच्या महिन्यात अलिबागला जायचं त्यांनी ठरवून टाकलं आहे. वहिनींनी त्यांच्या चपला लपवून ठेवल्या, तर त्या वहिनींच्याच घालून फिरून आल्या.

हल्ली रोज सकाळी मी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करतो. आज पाणी येणार का, पेपर आला का, असलं काहीतरी. घंटा वाजत राहते, मी मोजत राहतो. मग पलीकडून आवाज येतो, "हाय रे, जित्ती हाय. काम सांग."

अशा प्रसंगी शंभर वर्षांचं आयुष्य चिंतायची रीत आहे. समितीने, आप्तांनी, विद्यार्थ्यांनी ते जरूर चिंतावं. बाई, एवढं मोठं मागायचा मला धीर होत नाही. तुमची प्रकृती चांगली राहो, आणि उद्या सकाळी तेवढा फोन उचला.