सील शाबूत, कडवे गायब

३१ मार्च २०२५. हा दिवस जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात संगणक सांभाळणाऱ्या सुचिताने त्याला घरात जवळजवळ सणाचा मान दिला होता. आदल्या दिवशी पाडवा झाला होता, आज ईदची सुट्टी होती. चहाचा कप घेऊन ती दिवाणखान्यातल्या काळ्या डब्यासमोर बसली. डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या. घरातले सगळे फोटो आणि ध्वनिमुद्रणे दोन्हींवर सारखी साठत असत.

त्यात सर्वांत मोलाचा होता सासूबाईंच्या आवाजातला धवला, म्हणजे लग्नविधीचे पारंपरिक गाणे. सासूबाई, म्हणजे सोनूबाई, गावच्या धवलारीण. हळदीच्या मांडवात गाऊन देवांना बोलावणे हे त्यांचे काम. लकव्याने त्यांची वाचा गेली. ऐकू येते, डावा हात हलतो, शब्द मात्र उमटत नाही. येत्या मे महिन्यात सुचिताच्या पुतणीची, हेमालीची, हळद होती आणि तिथे गाणार होती सुचिताची नणंद प्राप्ती, आयुष्यात पहिल्यांदा. ध्वनिमुद्रण ऐकूनच ती शिकत होती.

“वैनी, हितं आयेचा आवाज बुडतोय,” इयरफोन काढत प्राप्ती म्हणाली. “नुसती खरखर हाय.”

“इयरफोन बदल.”

“बदलला. तुजा डबाच बिघडलाय.”

सुचिताने स्वतः ऐकले. गावदेवीनंतरचे अख्खे कडवे खरखरीत बुडाले होते. नेमके तेच कडवे, ज्यात या गावचे देव त्यांच्या क्रमाने येतात. शेजारच्या गावच्या धवलारणी आपापले देव जाणत. इथला क्रम सोनूबाईंखेरीज कोणालाच पाठ नव्हता. एखादा देव वगळून मांडवात उभे राहायची प्राप्तीची तयारी नव्हती.

डब्याच्या शेवटच्या तपासणीत मात्र एकही चूक नोंदलेली नव्हती. सुचिताला ते पटेना. फाइल साठवताना डबा तिच्या मजकुरावरून एक आकडा काढून ठेवतो, त्याला चेकसम म्हणतात. ठरावीक काळाने तो मजकूर पुन्हा वाचतो, आकडा पुन्हा काढतो आणि जुन्याशी ताडून पाहतो. डिस्कवरचा एखादा कण कुणाच्या नकळत बदलला, तरी आकडा जुळत नाही. नुसत्या दोन प्रती असत्या तर त्या वेगळ्या झाल्यात एवढेच कळले असते. खरी कोणती, हे आकडा सांगतो. मग खऱ्या प्रतीवरून बिघडलेली दुरुस्त होते.

हे सारे तिने वाचले होते, पडताळले कधीच नव्हते. आधी सगळ्याची वेगळी प्रत काढून तिने एक बिनकामाची फाइल डब्यात ठेवली. डबा बंद करून एक डिस्क बाहेर काढली, त्या फाइलमधली काही अक्षरे मुद्दाम बिघडवली आणि डिस्क परत बसवून तपासणी लावली. दुपारी निकाल आला: एक चूक सापडली, दुरुस्त केली. डबा प्रामाणिक होता.

मग खरखर आली कुठून?

उत्तर तिला रोजच्या कामातच दिसले. यार्डात कंटेनरचे सील शाबूत असले, तर सील लावल्यानंतर कुणी हात घातला नाही एवढेच सिद्ध होते. आत माल चांगला भरला होता की कुजका, हे सील सांगत नाही. धवला आधी फोनवरून लॅपटॉपवर गेला, तिथून एका जुन्या डिस्कवर आणि गेल्या वर्षी डब्यात. वाटेत कुठेतरी बिघडलेली फाइल डब्याने इमानाने सीलबंद केली होती. आणि डबा आला म्हणून निर्धास्त होऊन सुचिताने फोन बदलला, लॅपटॉप विकला, जुनी डिस्क पुसून गावच्या मंडळाला क्रिकेटचे सामने साठवायला दिली होती.

“दादाच्या गाडीत वाजतो की धवला,” प्राप्तीला आठवले. “पोर्टच्या लायनीत अडकला का लावतो.”

नवऱ्याच्या, अल्पेशच्या, ट्रेलरमधल्या त्या पेनड्राइव्हला सुचिता उकिरडा म्हणत असे. लॅपटॉपला लावू नकोस, व्हायरस येईल, म्हणून तिने त्याला किती वेळा झापले होते.

संध्याकाळी अल्पेश आला. सगळे ऐकून त्याने पेनड्राइव्ह तिच्यासमोर धरला, पण हातात दिला नाही. “उकिरड्यात हात घालतंस? पुन्ना इचार कर. हात धुवावे लागतील.”

“दे मुकाट्यानं.”

“तुजी तिजोरी काय बोलली?”

“तिजोरीनं खरखर अगदी नीट सांभाळलीय.”

तो हसला आणि पेनड्राइव्ह सुटला. लॅपटॉप विकण्याच्या कितीतरी आधी, तिच्या नकळत, त्याने धवला तिथून पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतला होता. सोनूबाईंच्या खाटेशी फाइल लावली. गावदेवी आली आणि मग एकामागून एक सगळे देव स्पष्ट आवाजात आले. सोनूबाईंचा डावा हात खाटेच्या कडेवर ठेका धरत होता. प्राप्ती हळूच त्यांच्या आवाजात आवाज मिसळू लागली. एका देवाच्या जागी ती पुढे धावली, सोनूबाईंचा हात थांबला. तिने मागे येऊन कडवे पुन्हा धरले, तेव्हा तो पुन्हा चालू लागला.

या वेळी सुचिताने फाइल सुरुवातीपासून अखेरपर्यंत ऐकली आणि मगच डब्यात ठेवली. पेनड्राइव्ह तिने अल्पेशला परत केला, तसाच, काही न पुसता.

कडवे जुन्या डिस्कमुळे गेले, केबलमुळे की लॅपटॉपच्या मेमरीमुळे, हे कळलेले नाही; पुसलेल्या डिस्कवरून आता ते कळणारही नाही. सोनूबाईंची आणखी काही गाणी डब्यात आहेत, त्यांची डब्याआधीची प्रत कुठेच नाही. त्यांचे आकडे जुळतात. पण ती गाणी डब्यात पोहोचली तेव्हा पूर्ण होती का, हे प्रत्येक गाणे अखेरपर्यंत ऐकल्याशिवाय कळणार नाही.