बोंबलांचा पडदा आणि दोनशे पत्रकं

आमच्या घरात एसी आला तो थंडाव्यासाठी नव्हे, झोपेसाठी. बाबा न्हावा शेव्याला रात्रपाळीत कंटेनरचा ट्रेलर चालवतात. दिवसा झोप झाली नाही तर रात्री स्टेअरिंगवर डोळा लागतो. त्या मे महिन्यात तो लागलाच. बंदराबाहेरच्या रांगेत बाबांनी दचकून ब्रेक दाबला तेव्हा पुढचा ट्रेलर हातभर उरला होता. त्यांनी हे हसत सांगितलं. आई हसली नाही.

एसी अठरावर ठेवला तरी नुसती कोमट झुळूक. मी फिल्टर काढून धुतला, सुकवून बसवला, खिडकीच्या फटी बुजवल्या. फरक शून्य. मेकॅनिकला फोन केला, तर तो न बघताच म्हणाला, "गॅस गेला असंल. भरून देतो." गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. झालं!

मी वाचायला शिकले ती आजोबांच्या पेटीतल्या, जमिनीच्या लढ्यातल्या पत्रकांवरून. अन्याय दिसला की इतरांना राग येतो, मला मजकूर येतो. अर्ध्या तासात पत्रक तयार: 'गॅसच्या नावाखाली लूट! ग्राहकहो, जागे व्हा!!!' नाक्यावर जाऊन दोनशे प्रतीही काढून आणल्या.

आईने एक वाचली. "आधी बापाला झोपू दे तुझ्या. मंग गावाला जागं कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक आला. मूळचा म्हसळ्याचा, उरणात दुकान. बाबा घामाने थबथबून कुशी बदलत होते. मी हाताची घडी घालून उभी, लुटारूला रंगेहाथ पकडायला.

त्याने फिल्टर काढून बघितला. "कोणी धुतला? झकास." मी विरघळले नाही. "बाहेरचं मशीन कुठं?"

आईला अचानक चुलीवरचं काहीतरी आठवलं.

मागच्या पडवीत जाऊन तो थबकलाच. मशीनच्या पंख्यासमोर दोऱ्यांवर बोंबलांचा दाट पडदा, आणि बोंबलांसकट अख्ख्या मशीनला आमची जुनी मच्छरदाणी गुंडाळलेली.

"वहिनी, हे काय?" त्याने आईला हाक मारून बोलावलं.

"कावळं नेतात. मांजर पन हाय."

"कावळ्यांचं कळलं. पण बोंबील हितं?"

"एवढी गरम हवा फुकट जाते भाऊ! उन्हात चार दिस लागतात. हितं दोन दिसांत कडक."

"अहो, ही खोलीतलीच गरमी हाय. मशीन ती बाहेर फेकतं. तुम्ही त्याचं तोंड बांधलं, तर फेकलेली हवा तेच परत ओढतंय. आत काय कपाळ थंड होणार?"

त्याने गॅस तपासला. गॅस बरोबर होता. मग मेन स्विच बंद करून मच्छरदाणी सोडली, बोंबील उतरवले. मागची जाळी धूळ, खार आणि बोंबलाच्या चुऱ्याने लिंपून गेली होती. मऊ ब्रश, पाण्याची हलकी धार. "जोरात मारू नका, जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात," तो मला शिकवत होता आणि मी मान डोलवत होते. पंधरा दिवस मी त्याच बोंबलांचं कालवण चापत होते. ते कशासमोर सुकतात, हे बघायला मात्र एकदाही पडवीत गेले नव्हते. जाब विचारायला निघालेली मी!

एसी सुरू झाला. वीस मिनिटांनी बाबांनी झोपेतच पायाने चादर चाचपली आणि गळ्यापर्यंत ओढली. मे महिन्यात चादर! आईने माझा दंड असा दाबला की वळ उठला. मग घोरणं सुरू झालं, ट्रेलर चढाला लागल्यासारखं.

खुशीत आईने मेकॅनिकला बोंबील बांधून दिले. हाताला आला तो कागद घेतला.

अंगणात जाऊन त्याने पुडी नाकाला लावली, मग जरा लांब धरली, मग वाचू लागला.

"ताई, हे माझ्यावर?"

"हो. आणि चूक माझी आहे. सगळी."

त्याने छाती फुगवली आणि सभेतल्या पुढाऱ्यासारखा हात वर केला. "ग्राहकहो, जागे व्...!"

"हळू!" आई फिस्कारली. "झोपलेत ते!"

त्याने हात तोंडावर मारला. खांदे गदगदू लागले. आईने पदर तोंडात कोंबला. मी पायरीवर बसून पोट धरलं. तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, आवाज न करता. आतून घोरणं आलं की पुन्हा नव्याने.

जाताना तो कुजबुजला, "उरलेली टाकू नका. मागची बाजू कोरी हाय."

म्हणून मी एकशे नव्व्याण्णव पाठींवर हाताने लिहायला बसले: 'एसीच्या बाहेरच्या मशीनसमोर बोंबील टांगू नका.' पुढची बाजू प्रत्येकावर आडवी रेघ मारून रद्द केली. ऐंशीव्या पत्रकापाशी बोटं दुखायला लागली, तेव्हा साडेपाच वाजले होते. कामाला जाण्यासाठी आईने बाबांना हलवून हलवून उठवलं.