माणूस बघितल्याशिवाय बोर्ड नाही

माझा थोरला भाऊ सर्फबोर्ड घडवतो. फोमचा ठोकळा रंधून आकार द्यायचा हे त्याचं काम. वर कापड आणि रेझिन चढवून घासायचं हे माझं. बोलायचं कामही माझंच, कारण दादा तोंडातून शब्द काढेल तर शपथ. त्याचा नियम एकच: ज्याचा बोर्ड, त्याने समोर जमिनीवर पालथं पडून, लाटेवर उठतात तसं झटकन उभं राहून दाखवायचं. पाय कुठे पडतात ते बघितल्याशिवाय दादा रंध्याला हात लावत नाही. बडी बडी गिऱ्हाइकं त्याने यापायी परत पाठवलीत.

म्हणून भाचीचा, म्हणजे दादाच्या लेकीचा, नवरा एकटाच आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षांत त्या दोघांपैकी कुणी इकडे फिरकलं नव्हतं. भाचीने बाहेरून अरुंद, पातळ, नव्या फॅशनचा बोर्ड आणला होता आणि बाबांचे बोर्ड म्हाताऱ्यांसाठी असतात, असं चारचौघांत बोलून गेली होती. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. दोघंही एक नंबरचे हट्टी, समजवायचं तरी कुणाला?

आणि आता जावईबापूंना जुन्या धाटणीचाच बोर्ड हवा होता. मोबाइलमध्ये फोटो आणलेला: लांबलचक, बुडाला माशाच्या परासारखी एकच फिन. दादा म्हणाला, इथली लाट बुटकी, मऊ, आली म्हणेपर्यंत संपते. हा बोर्ड वळेपर्यंत ती किनाऱ्याला पोचलेली असेल. जुनाच हवा तर आखूड, रुंद, जाड घ्या, बुडाशी सपाट, मागे माशासारखी दुभंगलेली शेपटी, दोन फिन. पाण्यात जोर नसला तरी तो धावतो. जावई लगेच हो म्हणाले. ना घासाघीस, ना प्रश्न. इतका गोड माणूस मला पचत नाही.

मग दादाने वजन विचारलं. पंचावन्न, म्हणे. मी त्यांच्या पोटाकडे बघितलं. एक तंगडीच तेवढ्याची असेल. उभं राहून दाखवा म्हटलं तर घाम फुटला. कोणता पाय पुढे, तेही सांगता येईना. माझं डोकंच फिरलं. कोण ही पंचावन्न किलोची? माझ्या भाचीच्या डोळ्यांत धूळ फेकायची, आणि वर तिच्याच बापाकडून त्या बाईला बोर्ड करून घ्यायचा? जनाची नाही, निदान मनाची तरी! हे सगळं मी तोंडावर सुनावलं. जावई लालबुंद झाले आणि दाराबाहेर बघू लागले.

"उजवा पाय पुढे असतो तिचा, लहानपणापासून," दादा शांतपणे म्हणाला. "पण माणूस बघितल्याशिवाय मी बोर्ड करत नाही."

जावई बाहेर गेले. भाची गाडीतच बसून होती. आत आली, चपला काढल्या, जमिनीवर पालथी पडली आणि उठायला गेली. तोल गेला, गुडघा टेकला. दादा तिच्या पायांकडेच बघत होता, तोंडाकडे नाही.

"सवय मोडलीय," तो म्हणाला. "हल्ली कुठल्या पाण्यात जातेस?"

"जातच नाही, बाबा. आपलं भांडण झालं तेव्हापासून नाही."

साठीचा माझा भाऊ तिच्या शेजारी जमिनीवर पालथा पडला. हात छातीपाशी असे ठेव, एवढंच म्हणाला. दोघंही तशीच पडून रडली.