फाटक

आर्विड नाइस्ट्रॉम आमचे अमेरिकन फुटबॉलचे कोच होते, पण ओस्टरहोम कॉलेजात त्यांचं खरं काम यंत्ररेखन शिकवण्याचं. शर्टाच्या खिशात कायम दोन टोक केलेल्या पेन्सिली, आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरचे आपणहून पुढे येऊन बसायचे. मैदानावरही तसेच. दुसऱ्या कॉलेजांचे कोच पोरांना शिव्यांनी सोलून काढत. आमचे कोच चूक करणाऱ्याचं कोपर धरायचे आणि विचारायचे, "काय झालं ते तूच सांग." त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मी त्यांचा सेंटर. म्हणजे प्रत्येक डावाला चेंडूवर ओणवा होऊन तो दोन पायांमधून मागे देणारा. चेंडू दिला की समोरचा अंगावर येणार आणि आपण त्याला अडवायचं, एवढंच सेंटरचं आयुष्य. माझं वजन पंचाहत्तर किलो, समोरचे शंभराच्या खाली क्वचित. १९७१ च्या त्या हंगामात आम्ही पहिले पाचही सामने हरलो होतो. संघात एकतीस पोरं उरली होती, त्यातली चार लंगडत होती.

मी जेराल्ड मो याच्या आईच्या घरी भाड्यानं राहत असे. जेराल्ड पाच वर्षांपूर्वी कोचचाच खेळाडू होता. चेंडू पार नेला की गुण मिळतात ती गोलरेषा दोन यार्डांवर असताना कोचनी निरोप पाठवला होता, "मधून घुसा." दोन्हीकडची पोरं एकमेकांवर कोसळली, ढीग झाला. मग एकेक जण उठला. जेराल्ड उठला नाही. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत होता. डावा हात चालायचा, उजव्याची दोन बोटं.

कोच दर रविवारी चर्चनंतर दालचिनीचे पाव घेऊन त्याच्याकडे यायचे. दोघं डॉमिनो खेळायचे. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणीही माझ्यासमोर कधी बोललं नव्हतं.

पाचव्या पराभवानंतरच्या रविवारी कोच सोंगटी हातात घेऊन नुसतेच बसले होते.

"आता टाका तरी. का ती सोंगटी उबवताय?" जेराल्ड म्हणाला.

"काल तिघांना उचलून आणावं लागलं, जेराल्ड."

"ऐकलं मी. हा रोलंड रात्रभर कण्हत होता, भिंतीतून ऐकू येत होतं." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "कोच, गर्दी झाली की वजन जिंकतं. तुमच्याकडे वजन नाही. मग गर्दी करताच कशाला?"

त्यानं टेबलावर अकरा सोंगट्या मांडल्या आणि त्यातल्या सहा त्या दोन बोटांनी ढकलत ढकलत पार कडेला नेल्या. चेंडूपाशी एक ठेवली, तिच्यामागे सात बोटांवर दुसरी. उरलेल्या तीन मोकळ्यात पसरल्या.

"हं. आता त्यांच्या जाड्यांनी कुठे उभं राहायचं?"

"ते मधे येतील," कोच म्हणाले. "मधे सेंटर आणि फेकणारा, दोघंच आहेत."

"येऊ देत की. जितके मधे येतील तितके कडेला कमी पडतील. कमी पडले तिकडे फेकायचं. साधी वजाबाकी आहे."

"आणि फेकणारा पोरगा? त्याच्यापुढे कोण?"

जेराल्डनं मागची सोंगटी बोटाखाली धरली. "त्यानं लवकर फेकायचं," तो म्हणाला.

कोचनी पेन्सिल काढली. पावाच्या पिशवीवर त्यांनी ती रचना रेखली, मग नियमांचं पुस्तक काढलं. गाडीत असायचंच. आडव्या रेषेवर सात माणसं हवीत. डावीकडची सहा आणि सेंटर मिळून सात झाली. रेषेच्या टोकावरच्याला चेंडू झेलायची मुभा असते, आणि सेंटरच्या उजवीकडे रेषेवर कुणीच नसल्यामुळे तोच टोकाचा झाला. फक्त त्याच्या पाठीवरचा आकडा बदलायला हवा, कारण झेलणाऱ्यांचे आकडे वेगळे असतात.

"रोलंड, तुला चेंडू झेलता येतो का?"

"मला कधी कुणी दिलाच नाही, कोच."

"लग्नात नवरी फुलं फेकते, तिथेसुद्धा झेलायला याला मागे उभं करतील," जेराल्ड म्हणाला.

मधल्या शनिवारी सामना नव्हता. बारा दिवस आम्ही तेवढंच केलं. पोरांनी त्या रचनेला फाटक म्हणायला सुरुवात केली. सहा जणांची भिंत बाजूला सरकली की मधे सगळं सताड उघडं. चेंडू फेकणारा होता डेनिस ओकर, गावातल्या औषधवाल्याचा मुलगा, काटकुळा, सतत च्युइंगम चघळणारा. कोच त्याच्या मागे उभे राहून मोजायचे, "एक, दोन, फेक." फेकायला कुणी सापडलं नाही तर चेंडू मैदानाबाहेर भिरकावून द्यायचा. तीनपर्यंत हातात ठेवायचा नाही.

"आणि तीन झालेच तर?" डेनिसनं एकदा विचारलं.

"तर तू ढिगाखाली असशील, मला दिसणार नाहीस," कोच म्हणाले. आम्ही हसलो. कोच हसले नव्हते.

सामना फोर्ट कार्व्हरशी होता, आमच्याच मैदानावर. कुंपणापलीकडे कापणीला आलेली ज्वारी वाऱ्यानं आडवी होत होती. कोचनी आधी पंचांना गाठून रचनेचा कागद दाखवला. पंच आठवडाभर नळदुरुस्ती करायचे. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"नियमात बसतंय," ते म्हणाले. "पण रेषेवर सात म्हणजे सात. एकजण जरी पाऊलभर मागे राहिला तर मी झेंडा टाकून डाव रद्द करणार, आर्विड. मग माझ्यावर रागवायचं नाही."

पहिल्यांदा फाटक लावलं तेव्हा प्रेक्षकांत हसू पसरलं. फोर्ट कार्व्हरचे खेळाडू एकमेकांकडे बघत इकडेतिकडे पळत सुटले. त्यांचा कोच बक ट्रॅस्क कडेवरून ओरडत होता, "अरे माणसं मोजा, गाढवांनो, माणसं मोजा." त्यांचं मोजून व्हायच्या आत डेनिसनं चेंडू डावीकडच्या भिंतीमागे फेकला आणि आमचा छोटा पळणारा, लायल सँडीन, चाळीस यार्ड गेला. पंधरा मिनिटांत आम्ही दहा गुणांनी पुढे होतो. त्या हंगामात आम्ही कुणाच्या पुढे असल्याची ती पहिलीच वेळ.

मग ट्रॅस्कनं मोजलं. त्यानं दोन माणसं फक्त डेनिसवर सोडली आणि त्यांना सांगितलं की चेंडूकडे बघूच नका. माझ्यासमोर त्यांचा सत्याहत्तर नंबर आला, मानेच्या जागी खांदेच असलेला. चेंडू देऊन मी डोकं वर करेपर्यंत तो मला ओलांडून गेलेला असायचा. पाठीमागे मला फक्त आवाज यायचा. आधी डेनिसचा श्वास, मग धप्प. चेंडू गेलेला असायचा, पण डेनिस खाली. एकदा, दोनदा, सहादा. सातव्यांदा तो उठला तेव्हा च्युइंगम थुंकला, ते लाल होतं.

मध्यंतरात आम्ही मागे पडलो होतो. डीन हॉलबर्ग कपडे बदलायच्या खोलीत आले. फुटबॉल बंद करायचा की नाही हे विश्वस्त पुढच्या महिन्यात ठरवणार होते, आणि दोन विश्वस्त वर प्रेक्षकांत बसले होते.

"आर्विड, हे बंद करा," डीन म्हणाले. "हरलो तर हरलो, चारचौघांसारखे हरू. हा काय तमाशा आहे? त्या पोराला तिथे एकटं उभं करून मारायला दिलंय तुम्ही."

कोचचा चेहरा उतरला. एरवी असं बोलणं त्यांना लागलं नसतं. पण ते स्वतःला नेमकं हेच विचारत होते, हे मला दिसत होतं. ते बाकावर डेनिससमोर बसले आणि त्याचं कोपर धरलं.

"काय होतंय ते तूच सांग."

डेनिसनं ओठ पुसला. "मला उशीर होतोय, कोच. दोन म्हटल्यावर मी अजून बघत बसतो."

"ते मी नाही विचारत. नेहमीच्या रचनेवर जायचं का?"

"मागच्या सामन्यात नेहमीचीच होती. एर्लीला तिघांनी उचलून आणलं." त्यानं आमच्याकडे बघितलं. "आज बाकीचे दहा जण धड आहेत. मला फक्त लवकर फेकायचंय."

डीन बाहेर गेले. कोच उठले, फळ्याकडे गेले, खडू हातात घेतला आणि काहीच न लिहिता परत ठेवला. "तुला डोळ्यांपुढे अंधारी आली तर तू मला खोटं सांगणार नाहीस," ते म्हणाले. डेनिसनं मान हलवली.

उत्तरार्धात डेनिस दोनच्या आत फेकू लागला. गुण मात्र इंचाइंचानं मिळत होते. शेवटचं सव्वा मिनिट उरलं तेव्हा वीस-सोळा असे मागे होतो, गोलरेषा दोन यार्डांवर आणि शेवटचा प्रयत्न. किक मारून तीन गुण मिळाले असते, त्यांनी भागत नव्हतं; चेंडू गोलरेषेपलीकडे नेला तर सहा.

आम्ही कोचभोवती जमलो. भिंतीतला एर्ली, ज्याचं कोपर सुजून बटाट्याएवढं झालं होतं, म्हणाला, "कोच, दोनच यार्ड. सगळे एकत्र येऊ आणि मधून घुसू." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. मीसुद्धा.

कोचनी गोलरेषेपलीकडे बघितलं. तिथे मोंच्या पिकअप गाडीत जेराल्ड बसला होता. त्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"नाही," कोच म्हणाले. "फाटक. आणि चेंडू रोलंडला."

मी चेंडूवर ओणवा झालो. हात ओले होते. सत्याहत्तर माझ्याकडे बघतही नव्हता, त्याची नजर माझ्यावरून डेनिसवर होती. दिवसभर सेंटरला कुणी काही फेकलं नव्हतं. मी चेंडू दिला, सत्याहत्तर मला घासून पलीकडे गेला, आणि मी दोन पावलं पुढे टाकून वळलो. चेंडू आधीच छातीशी पोहोचला होता. मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि गोलरेषेच्या आत पडलो.

प्रेक्षक उठले. मी डोकं वर केलं तर गवतात पिवळा झेंडा पडलेला.

ट्रॅस्क मैदानात धावत आला होता. "सेंटर झेलतो कसा? सेंटर कधी झेलतो का?" पंचांनी त्याला हातानं मागे सारलं. "सेंटरनं झेललं ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण भिंतीत पाचच जण रेषेवर होते. एकजण मागे." तो एर्ली होता. सुजलेला हात टेकता येईना म्हणून तो पाऊलभर मागे सरकला होता. गोल रद्द, पाच यार्ड मागे, तोच प्रयत्न पुन्हा.

एर्ली जमिनीकडे बघत उभा होता. कोच सरळ डेनिसकडे वळले. त्यांनी डेनिसला इतकंच सांगितलं, "आता ते रोलंडवर माणसं लावतील. मग कुठे कमी पडतील?"

"डावीकडे."

"एक, दोन, फेक."

सात यार्ड. या वेळी माझ्यासमोर दोघं होते, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. सत्याहत्तर थोडा बाजूला सरकून मोकळ्या वाटेवर उभा होता. मी चेंडू दिला आणि दोघांनी मला तिथंच दाबलं. गवतात तोंड असताना मी मनात मोजत होतो. एक. दोन. मागून आवाज आला नाही. डेनिस थांबला होता. भिंतीमागे लायलचा पाय घसरला होता आणि तो उठेपर्यंत डेनिस चेंडू धरून उभा होता. तीन. मग चेंडू सुटला, आणि पाठोपाठ जो आवाज आला तो लाकूड मोडल्यासारखा होता.

लायल भिंतीच्या आडून आत गेला. बावीस-वीस.

माझ्या पाठीवर पोरं येऊन पडली, ओरडत होती. मी त्यांच्यातून सुटून मागे बघितलं. डेनिस पाठीवर पडला होता, हालचाल नाही. त्याच्याशेजारी सत्याहत्तर गुडघ्यांवर बसला होता. शिरस्त्राण काढून तो म्हणत होता, "मी थांबू शकलो नाही, मी थांबूच शकलो नाही." आणि कडेवरून कोच धावत येत होते. पन्नाशीचा माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं.

कोच त्याच्याशेजारी आडवेच झाले, गाल गवताला लावून, म्हणजे मान न हलवता डेनिसला त्यांचा चेहरा दिसावा.

"पायाची बोटं हलव," ते म्हणाले. "डेनिस. बोटं."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बुटाचं टोक हललं. दुसरंही हललं.

"मी तीनपर्यंत थांबलो," डेनिस म्हणाला.

"बघितलं मी."

"लायल पडला होता."

"बोलू नकोस," कोच म्हणाले, आणि त्यांनी कपाळ गवतावर टेकलं.

सामना बावीस-वीसवरच संपला, आम्ही जिंकलो. डेनिसचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं, बाकी सगळं ठीक होतं. संध्याकाळी आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा कोच त्याला चमच्यानं सूप भरवत होते आणि औषधवाले ओकर बाजूला उभे राहून म्हणत होते, "आर्विड, मी भरवतो, तुम्ही घरी जा." कोच गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ते मोंकडे आले. जेराल्ड म्हणाला, "मी सोंगट्या सरकवल्या, कोच. मार त्यानं खाल्ला."

"सांगितलं मी, तू नाही," कोच म्हणाले. "पाच वर्षांपूर्वीही मीच सांगितलं होतं." ते पहिल्यांदाच बोलले त्याबद्दल. जेराल्डनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "तेव्हा मलाही घुसायचंच होतं."

सोमवारी कोचनी फाटक बदललं. मोकळ्यातल्या तिघांपैकी एकाला त्यांनी फेकणाऱ्यापुढे उभं केलं, नुसता राखायला. आम्ही कुरकुर केली. एक माणूस मधे अडकला की वजाबाकी बिघडायची, कडेला पुरेसे उरायचे नाहीत. त्यांनी ऐकलं नाही. उरलेल्या चार सामन्यांतला एकच जिंकलो. विश्वस्तांनी फुटबॉल ठेवला, का ते कुणी सांगितलं नाही.

कोचनी पुढे नऊ वर्षं संघ सांभाळला. दुसरीकडचे दोन-तीन कोच त्यांच्याकडे फाटक शिकायला आले, तेव्हा त्यांनी राखणदाराचंच फाटक शिकवलं. त्यातल्या एकानं विचारलं की हा माणूस काढला तर डाव जास्त चालेल ना. कोचनी हो म्हटलं, आणि खिशातल्या पेन्सिलीनं कागदावरच्या त्या माणसाभोवती आणखी एक ठळक गोल काढला.