आय ॲम कमिंग

माझ्या रूममेटच्या आईइतका निरोप घेणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये दुसरा नसेल, आणि हे मी सभेत टाळ्या मिळवायला बोलतात तसं बोलत नाहीये. काकू कोल्हापूरच्या. ऐन ऑक्टोबरच्या पावसात लेकीकडे डब्लिनला आल्या. साडीवर रेनकोट आणि रेनकोटवर स्वेटर, असा त्यांचा पोशाख. "स्वेटर भिजला तर वाळतोय. रेनकोट फाटला म्हंजे?" असा त्यांचा युक्तिवाद. छत्री त्यांनी पहिल्याच वाऱ्यात लिफी नदीला देऊन टाकली. कुठूनही निघताना त्या "येतो हं" म्हणत. किल्ल्याला, पुलाला, ओल्या पुतळ्यांनासुद्धा. 'जातो' हा शब्द तोंडून काढायचाच नाही, अशुभ असतो. इथवर ठीक होतं, पण काकू त्याचं इंग्रजीही करत. इथे बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, काकू म्हणत, "आय ॲम कमिंग!" मग तो बिचारा दार उघडं ठेवून थांबे, आत बसलेल्यांवर पाऊस येई, आणि काकू फुटपाथवरून त्याला मायेने टाटा करत उभ्या.

मी भाडेकरूंच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, त्यामुळे पुढचंही स्पष्टच लिहिते. आमचा घरमालक लबाड होता. घर सोडायच्या नोटिशीची मुदत पार हिवाळ्यानंतर संपत होती, पण त्याला घर लगेच रिकामं हवं होतं. त्याच्या माणसाने फोनवर सांगून टाकलं, की गुरुवारी संध्याकाळी येतोय, घरात कुणी दिसलं नाही तर कुलूप बदलणार. हे सरळ बेकायदा आहे! पण बेकायदा असलं तरी कुलूप बदलतंच, आणि एकदा बदललं की पावसात रस्त्यावर आपण असतो, कायदा नसतो. रूममेटला ऑफिसातून सुटका नव्हती. म्हणून घर राखायला मी रजा काढली.

नेमकं त्याच गुरुवारी काकूंना शहर बघायचं होतं, आणि त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. परवा त्यांचं विमान. "घरात बसायला आलोय व्हय मी हितं?"

"काकू, चारच्या आत परत. शप्पथ घ्या."

घेतली, आणि मोडली. किल्ल्याच्या अंगणात घेतलेला निरोप संपेना. जुन्या ग्रंथालयातल्या रखवालदाराला त्यांनी "आय ॲम कमिंग" म्हटलं, तर तो भला माणूस त्यांच्यासाठी दोरी बाजूला धरून उभा राहिला. मी घड्याळ बघत होते, दात-ओठ खात होते. शेवटी काकूंना दंडाला धरून बसमध्ये कोंबलं, आणि स्टॉपपासून घरापर्यंत आम्ही दोघी पावसात अक्षरशः पळालो.

दारात पांढरी व्हॅन. मालकाचा माणूस हसतमुखाने उभा, आणि एक म्हातारा कुलूपवाला गुडघ्यावर बसून ड्रिल जोडत होता. मी तिथेच भाषण सुरू केलं. माणसाने माझ्याकडे बघितलंही नाही. घर सोडल्याचा पुरावा म्हणून मोबाइल काकूंसमोर धरून, रेकॉर्डिंग लावून तो गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही जाताय ना आता? फक्त 'गोइंग' म्हणा. ग्रँड, विषय संपला." 'ग्रँड' म्हणजे इथे नुसतं 'ठीक'.

परवा त्या खरंच निघणार होत्या, आणि काकू खोटं बोलत नाहीत.

काकू त्याच्याकडे बघून गोड हसल्या. "नो गोइंग. आय ॲम कमिंग." आणि त्याच्या बगलेखालून, ड्रिलला वळसा घालून, किल्ली लावून आत गेल्या.

"ही येतेय की जातेय?" तो माणूस खेकसला.

कुलूपवाला गुडघे चोळत उठला. "आत गेली की ती, साहेब. रिकामं घर म्हणून बोलावलंत मला. माणसं राहतात त्या दाराला मी हात लावत नाही." आणि त्याने ड्रिल पेटीत टाकलं. मालकाचा माणूस त्याच्या मागे शिव्या देत व्हॅनपर्यंत गेला.

मी आत धावले, नाचायच्याच बेतात होते. काकू ओल्या स्वेटरसकट जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"काय बोल्ला गं त्यो? मला निम्मं कळलं न्हाई. पण त्ये भोकं पाडायचं यंत्र कळलं." मग स्वेटरची बाही पिळत, "पोरी, माझी लेक हितं अशीच ऱ्हाती व्हय? रोज कामावरनं येताना कुलूप तेच असंल का, ह्येचा इचार करत?"

माझ्याकडे या विषयावर तीन पत्रकं होती. एकही आठवेना.

इतक्यात दारात किल्ली फिरली. काकू झटकन उठल्या, डोळे पुसले आणि टॉवेल घेऊन पुढे झाल्या. चिंब भिजलेल्या लेकीने घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "आई, कुणी आलं होतं का?"

"कोण येतंय एवढ्या पावसात?" काकू तिचं डोकं खसाखसा पुसत म्हणाल्या. "आमी गाव फिरलो. लई देखणं हाय तुझं गाव." आणि टॉवेलाच्या वरून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की सगळं चव्हाट्यावर मांडायची सवय असलेली मी, चहा टाकायला निघून गेले.